दिव्यामागं हाताची जागा

बसा मित्रांनो, पाय पसरून बसा. माझा डोळा कसा गेला अन त्यापायी काय घडलं, ते सांगते.

मी एक जुनी मिनीबस हाय. आधी शाळेची पोरं न्यायचे. लई गलका करायची, काचेला नाकं दाबून बसायची. मग मी थकले, तवा चौसाळ्याच्या बंकटनं मला घेतलं अन माझं घर केलं. बंकट अन त्याची बायको मनकर्णा जत्रांमदी खेळणी इकतात. त्यानं आत बाज ठोकली, शेगडी बसवली, अन पुढं डाव्या कोपऱ्यात देव्हारा पक्का केला.

तिथंच घोळ झाला. डाव्या दिव्याचा बल्ब काढायचं झाकण नेमकं देव्हाऱ्याच्या खाली! बाहेरून तर लोखंडी जाळी वेल्डिंग केलेली. वेल्डिंगवाला म्हणालाबी, "हात कुठून घालणार?"

"रोज कोण बल्ब बदलतंय बे?" बंकट म्हणाला.

पुढं उसाच्या ट्रॉलीनं उजवा डोळा पार फोडला. "एकावर भागतंय की," बंकट म्हणाला, अन तोबी तसाच ऱ्हायला.

औंदा नवरात्रात घट माझ्यात, त्याच देव्हाऱ्यात बसला. दरसाल तो केजला मनकर्णाची आई मालनबाई बसवायची. औंदा म्हातारी बाजेवरच पडून. तिनं लेकीला सांगितलं, "तू बसव बाई. फक्त धान वर आलं की मला एकदा दाखव."

सातव्या माळेला केजवरून फोन आला, आईचं काय खरं न्हाई. आमी तसेच निघालो. नेकनूरला दिवस मावळला अन माझा डावा डोळा फट्कन गेला. पुढं रस्ता दिसंना.

मेकॅनिक अभिमन्यू आला, वाकून बघितलं अन म्हणाला, "मावशी, घट बाजूला घ्या. मग देव्हाऱ्याखालची फळी खोलतो. पाच मिन्टाचं काम हाय."

"बसलेला घट हलवत न्हाईत, बाबा. दसऱ्यालाच उठतो."

बंकट चिडला. "अगं, चौसाळ्यापासून खड्ड्याखड्ड्यातून हलतच आलाय की!"

"घर हललं. घट जागेवर हाय."

अभिमन्यूला हसू आलं. मनकर्णाचं तोंड बघून त्यानं ते गिळलं.

"मग तू जीपनं म्होरं जा," बंकट म्हणाला.

"अन आईला काय दाखवू? रिकामे हात?"

बंकट चाकाकडून खाली शिरला. पत्र्यानं मनगट सोललं, तरी बोटं बल्बापोत्तर जाईनात. एकदा नुसती टेकली. मला कळत होतं, अजून इतकुसं पायजे. पण पत्र्याला काय आखडून घेता येतंय? आत घटापुढं समई तेवत होती अन मी तिथंच आंधळी उभी. मनकर्णा दोनदा घटापाशी गेली, हात पुढं केला, मागं घेतला.

फटफटल्यावर निघालो. केजला पोचलो तवा म्हातारीचं बोलणं बंद झालतं, डोळेबी मिटलेले. बाज काय माझ्या दारातून येईना. मग बंकटनं सासूला लेकरावानी उचलून आत आणलं.

"आये, धान बघ गं किती वर आलंय," मनकर्णा म्हणाली अन तिनं आईचा हात त्या पिवळ्या कोंबांवर ठिवला. म्हातारीची बोटं हळूहळू कोंबांवरून फिरली. मग थांबली.

शेजारची एक बाई दारातून बोलली, "रातच्यालाच का न्हाई आलीस गं? मध्यानरातीपोत्तर बोलत हुती. घट आला का, घट आला का, म्हणून इचारत हुती."

बंकट खाली उतरला अन माझ्या फुटक्या डोळ्याकडं बघत ऱ्हायला.

दसऱ्याला घट उठला. त्याच दिवशी बंकटनं करवत घेतली अन देव्हाऱ्याखालची फळी कापली. आता हात सरळ जातो. नवा बल्ब लई लख्ख हाय.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असंल, तर तिच्यात कायबी बसवा, कसंबी सजवा. पण तिच्या दिव्यामागं एक हात जाईल एवढी जागा तेवढी सोडा.