बोटभर तेल, फडकाभर पुसणे

मी एक जुना दस्ता आहे. दस्ता म्हटले की तुम्हाला कागदांचा आठवेल, पण मित्रांनो, मी बंदुकीचा दस्ता. बंदुकीचा जो लाकडी भाग खांद्याला टेकवतात आणि ज्यावर गाल ठेवून नेम धरतात, तो मी. आवाज नळीचा, धूर नळीचा आणि कौतुकही नळीचेच. धक्का मात्र मी खातो. पूर्वी मला याचा राग यायचा, आता सवय झाली आहे.

हातखंबा गावापासून आत एका वाडीत भिकाजी नावाचे शेतकरी राहत. रानडुकरांपासून भात राखायला त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. तिचा पहिला दस्ता वाळवीने खाल्ला. तेव्हा परसातला एक फणस वाऱ्याने पडला होता. भागोजी सुतारांनी त्याच्या खोडाचा एक तुकडा माळ्यावर चांगला वाळवला आणि त्यातून मला घडवले. माझा रंग हळदीसारखा पिवळा होता. मी थोडा मिरवलोही.

भागोजींनी मला जवसाचे कोमट तेल चोळले आणि लगेच पुसून काढले. मला भिकाजींच्या हातात देताना ते म्हणाले, "त्याल बोटभर लाव नि फडकाभर पूस. लाकडात गेलं तां आपलं, वर रवलं तां धुळीचं."

भिकाजींनी हे कायम पाळले. भात पिकायला लागले की ते मला घेऊन शेतातल्या मचाणावर बसत. डुकरांची चाहूल लागली की हवेत एक बार काढत. तेवढ्यानेच कळप डोंगराकडे पळे. भिकाजींनी कधी जनावर मारले नाही. त्यांचा गाल माझ्यावर नेहमी एकाच जागी टेकत असे आणि वर्षांमागून वर्षे टेकून तिथे एक उथळ खळगा पडला. एवढे प्रेम मला कुणी दिले नाही.

मग एका उन्हाळ्यात भिकाजी आजारी पडले आणि गेले. परवाना त्यांच्या पत्नी बकुळाबाईंच्या नावावर झाला. त्यांनी मला खांद्याला कधी लावले नाही, पण दर दसऱ्याला कोयत्या-विळ्यांबरोबर माझी पूजा केली. हळदकुंकू लावले आणि घरचे खोबरेल चोपडले. पूजेचे तेल पुसायचे कसे? म्हणून त्यांनी ते तसेच राहू दिले. खोबरेल माझ्या अंगावर कधी सुकले नाही. चुलीचा धूर आणि धूळ त्यात बसत गेली आणि दरवर्षी नवा थर चढला. मी काळाकुट्ट आणि चिकट झालो.

निवडणुका आल्या की आम्हा बंदुकांना ठाण्यात जमा करतात. एकदा तिथून परत आणताना अंगणाच्या कातळावर मी बकुळाबाईंच्या तेलकट हातातून निसटलो आणि माझी मान, म्हणजे चापामागचा बारीक भाग, चिरली. मला बोलता येत नाही आणि त्यांना ती चीर दिसली नाही. त्यांनी माती झटकली आणि वर आणखी तेल लावले. चीर तेलाखाली झाकली गेली.

यंदा परवाना त्यांची मुलगी निशिगंधा हिच्या नावावर झाला. भाऊ मुंबईला, शेती तिच्याच अंगावर. तिने मला खांद्याला लावले आणि तिचा तळवा माझ्यावरून घसरला. अशी बंदूक हातात धरायची नाही, असे तिने ठरवले. गणपती गेल्यावर तिने टर्पेंटाइनची बाटली आणि जुनी फडकी काढली.

बकुळाबाईंनी फडके तिच्या हातातून काढून घेतले. "तुज्या बापसाचा हात हाय त्या तेलात," त्या म्हणाल्या. "तो पुसू नको."

निशिगंधाने बाटली उचलून ठेवली. तिलाही बाप आठवला असणार. चार दिवस मी तसाच खुंटीवर राहिलो. पाचव्या सकाळी पऱ्ह्याकडच्या, म्हणजे ओढ्याकडच्या, कोपऱ्यातले भात डुकरांनी लोळवलेले दिसले. बकुळाबाई बांधावर बराच वेळ उभ्या राहिल्या. घरी आल्यावर त्यांनीच फडके आणून ओटीवर ठेवले आणि तोंड फिरवून बसल्या.

निशिगंधाने नळी आणि चाप सोडवले. टर्पेंटाइनच्या फडक्याने ती माझे अंग चोळू लागली. फडकी काजळासारखी काळी झाली. मग तिने खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून माझ्यावर लेप दिला आणि मला उन्हात ठेवले. लाकडात मुरलेले तेल वर आले आणि पांढरा लेप तपकिरी झाला. तिने तो ब्रशने झाडला आणि पुन्हा नवा लावला. मला हलके हलके वाटत होते. पॉलिशपेपरने माझे लाकूडच झिजले असते; तो तिने हातातही घेतला नाही, याबद्दल मी तिचा जन्माचा ऋणी आहे.

मग माझ्या मानेवर एक काळी रेघ दिसली. निशिगंधाने नखाने ती चाचपली आणि तिचा चेहरा उतरला.

"आये, हितं चिरलाय. बार काढला असता तर माज्या गालावरच फुटला असता."

बकुळाबाई उठून जवळ आल्या. त्यांना अंगणातले ते पडणे आठवले. त्यांनी डोळ्यांना पदर लावला, मग दुसरे फडके घेतले आणि माझा वरचा भाग स्वतः पुसायला बसल्या. काळेपण गेले तसा फणस दिसू लागला, वयाने मधासारखा झालेला. त्यांची बोटे त्या उथळ खळग्यापाशी आली आणि थांबली. किती वेळ त्या तिथून हात काढेनात.

"त्याल माजं व्हतं गो," त्या म्हणाल्या. "तुजा बापूस हितं हाय."

तेलकट लाकडाला सरस धरत नाही, पण मी आता स्वच्छ होतो. वाडीतल्या सुताराने चिरेत सरस भरला, पितळेची खीळ बसवली आणि वाळल्यावर खेचून पाहिले. मान पक्की होती.

दसऱ्याला बकुळाबाईंनी हळदकुंकू नळीला लावले. मला त्यांनी बोटभर जवसाचे तेल चोळले आणि पूजा झाल्यावर स्वतःच पुसून काढले. त्याच आठवड्यात तिन्हीसांजेला डुकरे पऱ्ह्यातून वर आली. निशिगंधाने मला खांद्याला लावून हवेत बार काढला. धक्का मी खाल्ला आणि मान हलली नाही. कळप डोंगराकडे गेला. भात उभे राहिले.

मित्रांनो, बंदुकीला तुम्ही हात लावायचा नाही, ते मोठ्यांचे काम. पण तुमच्याही घरात कुणाची जुनी पेटी असेल, पाट असेल. अशा वस्तूवर माया करताना नुसते वरून चोपडत राहू नका, कधीतरी पुसूनही पाहा. भिकाजींच्या गालाचा खळगा इतकी वर्षे माझ्याच अंगावर होता आणि कुणाला दिसला नव्हता. नेम धरताना निशिगंधाचा गाल आता बरोबर तिथेच टेकतो.