माइकवर सांगितलेलं खोटं

मित्रांनो, बेंजोवाल्याच्या पायाशी पडलेला, कोपरे झिजलेला लोखंडी डबा तुम्ही कधीतरी पाहिला असेल. तो जुना डबा म्हणजे मी. मला पेडल म्हणतात. तार छेडली की तो सूर मी खरखरीत करतो आणि सोबत वरच्या सप्तकातला त्याचा जोडीदारही ऐकवतो.

खरं तर मी गिटारसाठी जन्मलो. पण आंबी गावच्या सोपानभाऊंनी मला जुन्या बाजारातून उचललं आणि आपल्या इलेक्ट्रिक बेंजोला जोडलं. तिथे माझं काही जमेना. वरचा सूर किंचाळायचा, खालचा बापडा दबून जायचा. वरातीत लोक कानांवर हात ठेवायचे.

मग भाऊंनी मला बेगडेवाडीला अनघाताईंकडे नेलं. त्या नवलाख उंबरे गावच्या कारखान्यात सर्किट तपासतात आणि सुट्टीच्या दिवशी घरी असली यंत्रं दुरुस्त करतात. "बाईमानसाला जमंल का?" असं भाऊंच्या बेंजो पार्टीतलेच विचारत होते. ताईंनी सरळ मला उघडलं. माझ्या पोटात सुराच्या दोन वाटा आहेत. दोन्ही सारख्या चालल्या, तरच वरचं सप्तक स्वच्छ उमटतं. ताईंनी मीटरवर चाळीसेक डायोड तपासून अगदी सारखी जोडी निवडली. खालचा सूर भरावा म्हणून एक कपॅसिटर बदलला. मग आतला चिमुकला स्क्रू केसाएवढा फिरवत, कान देऊन दोन्ही सूर तोलले. तो पुन्हा हलू नये म्हणून त्यावर लाल नेलपॉलिशचा थेंब टाकला.

पुढची दोन वर्षं मी सुखात होतो. भाऊ मला रुमालात गुंडाळून न्यायचे. "ह्यो डबा न्हाई, माजा पाठचा भाऊ हाय," म्हणायचे. मला ते खरं वाटलं.

मग लोणावळ्याची स्पर्धा आली. भाऊ सगळा हंगाम पर्यटकांची जीप चालवत होते, सरावाला बसलेच नाहीत. जलद चालीत त्यांचं बोट दोनदा चुकीच्या कळीवर पडलं. मी ते जसंच्या तसं ऐकवलं, वरच्या सप्तकातही. माझा गुन्हा एवढाच. लोक हसले, तशी भाऊंनी माइक उचलला.

"मंडळी, हात बरोबर हुता. ह्या डब्यानं दगा दिला. अनघाताईनं उघडल्यापास्नं ह्यो असाच करतोय."

आवाज मोठा करणं हाच माझा धंदा, पण माझी बाजू मांडायला मला आवाज नव्हता.

महिन्याभरात ताईंकडे कुणी काही दुरुस्तीला आणेना. शेवटी त्यांनीच भाऊंना बेंजो आणि मला घेऊन घरी बोलावलं, मला ओट्यावर ठेवून उघडलं. लाल थेंब अखंड होता. मग भाऊंचाच बेंजो जोडला. दोन्ही सूर नीट तोलून उमटले. भाऊंनी मान खाली घातली.

"चुकलं ताई. बोटच घसरलं हुतं माजं. डब्याचा काय दोष न्हाई."

"मला ठाऊक होतं, भाऊ. पण हे माइकवर सांगा."

"सांगतो की," म्हणाले, आणि मला तिथेच ठेवून गेले.

परवा बेगडेवाडीतच त्यांचा कार्यक्रम झाला. ताईंच्या फळीवरून मी ऐकत होतो. भाऊंनी माइकवर मंडपवाल्याचे आभार मानले, गाडीवाल्याचे मानले. मग नव्या पेडलवर वाजवायला सुरुवात केली. ताईंनी उठून खिडकी लावून घेतली.

मित्रांनो, आमच्यावर धूळ बसली तर पुसा, वायर तुटली तर जोडा. पण तुमचा हात चुकला, तर ते आमच्या माथी मारू नका. आणि मारलंच, तर खरंही तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगा.