आतला प्रश्न

"शून्य. एकही रुग्ण उरलेला नाही," रुग्णालयाच्या कचेरीत साहेब स्क्रीनकडे बघून म्हणाले आणि त्यांनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

माझं डोकं सणकलं. डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख अजून न मिळालेल्यांची यादी काढली होती, आणि ती रिकामी आली होती. घरी माझी मावशी महिनाभर फोन मांडीवर घेऊन बसलीय. तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही, आणि शिवणकामावरच तिचं घर चालतं.

"शून्य कसं असेल? माझी मावशीच बाकी आहे."

"मशीन खोटं बोलत नाही."

नाही बोलत. विचारलं तेवढंच सांगतं. साहेबांनी एका प्रश्नाच्या पोटात दुसरा घातला होता. आतला प्रश्न, म्हणजे सबक्वेरी: तारखा कोणाकोणाला दिल्या? बाहेरचा: त्यांच्यात नसलेले कोण? आतलं उत्तर कुजकं निघालं की बाहेर कितीही रंगरंगोटी करा, उपयोग नाही. मी आतला प्रश्न सुटा करून चालवला. नावं सरकत गेली आणि मधेच एक तारीख दिसली, जिच्यापुढे रुग्णच नव्हता. जागा कोरी.

झालं. त्या कोऱ्या जागी कोण, हे मशीनला ठाऊक नाही. मावशीही असेल, कोणीही असेल. म्हणून 'हा यांच्यात नाही' असं ते कोणाबद्दलच छातीठोकपणे म्हणेना. एका ओळीने सगळी रांग गिळली होती.

"ही कोणी ठेवली?"

साहेबांनी चष्मा पुसला. "राखीव आहे. वरून फोन आला की नाव भरू. तू तेवढी ओळ वगळ आणि यादी काढ."

अंगाचा तिळपापड झाला. लोकांची नजर जात चाललीय आणि हे जागेवर रुमाल टाकून बसलेत. मी ओळ वगळली. रांगच्या रांग उगवली. सगळ्यात आधीपासून थांबलेला एक सुतार होता, मावशी बरीच खाली. मी सुताराला उचललं आणि त्या कोऱ्या जागी भरलं.

"अगं, ती जागा कोणाची आहे माहीत आहे का?"

"नाही. तुम्ही लिहिलंच नव्हतं."

संध्याकाळी मावशीने विचारलं, "आला का गं माझा नंबर?"

"नाही. पण यादीत दिसायला लागलीस."

"म्हणजे आधी नव्हते?"

"होतीस. एका बड्या माणसाची जागा राखायची होती, म्हणून दिसत नव्हतीस."

मावशीने मांडीवरचा फोन फळीवर ठेवला आणि सुई माझ्यापुढे धरली. "दोरा ओवून दे."

मी ओवून दिला, आणि घरातल्या उरलेल्या सुयाही ओवून ठेवल्या.