इनायतची झोळी

मी एक जुनी झोळी आहे. जाड कॅनव्हासची, दोन्ही टोकांना दोऱ्या असलेली. मला पाहून तुम्हाला वाटेल, हे गोठ्यातलं फाटकं पोतं. वाटू द्या, मला आता सवय झाली आहे.

मित्रांनो, माझी उमेदीची वर्षं लढाऊ बोटीवर गेली. तिथे खलाशाला खाट नसते. रात्री मला टांगायचं आणि सकाळी वळकटी करून ठेवायचं. माझा धनी इनायत, जालन्याच्या मस्तगडचा. त्याच्या अम्मीने, मैमूनाबीने, त्याला शिवणकाम शिकवलं होतं. त्याने निळ्या दोऱ्याने माझ्या कडेला आपलं नाव घातलं होतं. शेजारच्या झोळीत मच्छिंद्र झोपायचा, पिंपळगाव रेणुकाईचा. दोघे ज्वारीच्या भाकरीच्या आठवणी काढूनच दोस्त झाले.

बोटीवर एक रिवाज होता. खलाशी दर्यावर मेला, की त्याला त्याच्याच झोळीत शिवायचं, पायाशी लोखंड ठेवायचं आणि पाण्यात सोडायचं. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानाने बॉम्ब टाकला आणि इनायत गेला. मला न्यायला माणूस आला, तेव्हा मच्छिंद्र आडवा आला.

"माझी झोळी घ्या. ही त्याच्या मायला द्यायची हाय. तिला पोराला माती बी देता येणार न्हाई."

इनायत दोस्ताच्या झोळीत समुद्रात गेला. मी मागे राहिले.

लढाई जिंकली म्हणे. शेचाळीस साली मुंबईला खलाशांनी संप केला. जेवण नासकं आणि वर शिव्या, किती सोसणार? मच्छिंद्रही संपात होता. त्याला काढून टाकलं, वर्दी काढून घेतली. घोंगडीत गुंडाळलेली मी तेवढी सुटले. गावात त्याला कुणी हार घातला नाही. "इंग्रजासाठी मरायला कोण म्हणलं व्हतं तुला?" असं मात्र पारावर लोकांनी विचारलं.

मस्तगडला आज जाऊ, उद्या जाऊ, असं चाललं. त्या माउलीला तोंड कसं दाखवायचं, हीच त्याची धास्ती. तोवर त्याच्या बायकोने, तुळजाबाईने, तान्ह्या लेकीला माझ्यात निजवलं. मित्रांनो, तेवढेच माझे सुखाचे दिवस! मग एकदा जेवताना मच्छिंद्रच्या तोंडून बोटीवरचा तो रिवाज निघाला. त्याच्या आईने, द्वारकाबाईने, हातातला घास ताटात टाकला.

"मढ्याचं कापड, अन् त्यात लेकरू? जल्दी बाहेर फेक आधी!"

माझ्यात कधी मढं गुंडाळलं नव्हतं. पण झोळीचं कोण ऐकतो? माझी रवानगी गोठ्यात झाली. माझ्यातून कडबा वाहिला, शेण वाहिलं. मच्छिंद्र रोज बघायचा आणि आईपुढे चकार शब्द काढायचा नाही. बॉम्बपुढे उभा राहिलेला माणूस! मला त्याचा अजून राग येतो.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात, इनायतच्या पत्रांतलं गाव विचारत, मैमूनाबी स्वतःच बैलगाडीने आली. ते दिवस वाईट होते. हिंदू-मुसलमान एकमेकांच्या दाराकडे संशयाने बघत. तिला कुणी पाणी विचारेना; तुळजाबाईने दिलं.

"मच्छिंद्र बेटा, सरकारची तार आल्ती. कबर न्हाई म्हणतात. त्याचं कायतरी असंल ना तुझ्यापाशी?"

मच्छिंद्र गोठ्यात आला. त्याने माझ्यातला कडबा झटकला, शेण खरवडलं आणि खाली मान घालून मला तिच्यापुढे धरलं.

"धुऊन देतो, अम्मी."

"नको. धुतलं तर त्याचा वास जाईल."

तिने निळा दोरा बोटाने चाचपला. मला तोंडाशी धरून खोल श्वास घेतला. मग पुन्हा घेतला. माझ्याजवळ बैलांचा वास होता. इनायतचा उरला नव्हता.

"टाका त्याचाच हाय, बिलकुल त्याचाच," एवढंच ती बोलली आणि मला घेऊन गाडीत बसली. मच्छिंद्र तिथेच रडत उभा राहिला. त्याच्या रडण्याचा आता काय उपयोग?

मित्रांनो, कुणाची ठेव तुमच्याकडे असेल, तर ती जपा आणि वेळेवर पोचवा. आता मी मस्तगडला असते. मैमूनाबी रोज मला उघडते, हुंगते आणि घडी घालून ठेवते. तिने मला अजून धुतलेलं नाही.