मोइनाकची साखरबंदी

ताराझ शहरातल्या त्या चार मजली इमारतीत मोइनाकला मधुमेह आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सेयिलबेकने कुत्र्याच्या गळ्यात पाटीच अडकवली होती: ‘मला खायला देऊ नका. मला साखर आहे.’

पाटीचा उपयोग एवढाच झाला, की अंगणातल्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी त्याला बाउर्साकचे तळलेले गोळे चारणं सोडलं आणि त्याच्याशी साखरेच्या आकड्यांची बरोबरी सुरू केली; तिथल्या मापात पाच-सहा म्हणजे ठीक.

“आज तुमच्या मोइनाकची किती आली?” राबिगा आपा विचारायच्या.

“बारा.”

“माझी चौदा! बघा गं, कुत्रं बरं माझ्यापेक्षा. तो पथ्य तरी पाळतो.”

पथ्य मोइनाक कसला पाळतोय, पथ्य सेयिलबेक पाळत होता. जन्मभर बस चालवलेला माणूस, वेळापत्रक त्याच्या अंगात मुरलेलं. सकाळी सातला मोइनाकची उकडलेल्या मांसाची आणि बकव्हीटची वाटी, ती चाटून पुसून झाली की मानेवरची कातडी चिमटीत धरून इन्सुलिनची सुई. संध्याकाळी सातला पुन्हा तेच. थंडीत कुत्रं घागरभर पाणी पिऊनही वाळत चाललं, तेव्हा डॉक्टर रौशनने सांगितलं होतं, “आगा, हा आजार बरा होत नाही, पण सांभाळता येतो. एकाच माणसाने सांभाळा.” सेयिलबेकने ते ब्रह्मवाक्य मानलं. बायको गेल्यापासून अकरा वर्षांच्या या कुत्र्याशिवाय त्याच्याशी दिवसभर बोलणारं घरात कुणी नव्हतं, आणि मोइनाक गेला तर आपलं काय होईल हा विचार तो मनात येऊच देत नसे.

पण कपाट उघडायची कला मोइनाकला अवगत होती. एकदा त्याने किलोभर हलवा कागदासकट फस्त केला. त्या दिवशी सेयिलबेकने घरातली साखर, मध, मुरंबा, मनुका, सगळं उचलून शेजारपाजाऱ्यांना वाटून टाकलं. सून झानार मुकाट्याने बघत राहिली. ती गुणी होती, पण सासऱ्याशी बोलायचं म्हणजे जमिनीकडे बघून “हो बाबा”, “आणते बाबा”, एवढंच. नवरा महिना महिना तेलाच्या विहिरींवर कामाला, आणि घरात हे दोघं पाहुण्यासारखे वावरत.

अशा घरात नात अकबोताच्या पायांची दोरी कापायचा दिवस उगवला. मूल पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या पायांना काळ्या-पांढऱ्या धाग्यांची दोरी बांधून ती कापायची आणि डोक्यांवरून मिठाई उधळायची, म्हणजे त्याची वाट मोकळी होते. मिठाई उधळायचा मान विहीणबाई उल्बोसिन यांचा होता.

विहीणबाई दहाला आल्या. निळं मखमली जाकीट, गळ्यात चांदी, हातात फुगलेली पिशवी. मोइनाक दारापाशीच पसरला होता, त्याला वळसा घालताना त्यांनी झग्याचा घोळ असा वर धरला की जणू नदी ओलांडताहेत.

“अजून घरातच ठेवलंय का हे? आमच्याकडे कुत्र्याची जागा दाराबाहेर असते हो, व्याहीबुवा.”

“आमच्याकडेही असते. पण बाहेर त्याला सगळे खाऊ घालतात,” सेयिलबेक म्हणाला. मग जे विचारू नये तेच त्याने विचारलं. “विहीणबाई, पिशवीत गोडधोड तर नाही ना?”

विहीणबाईंचे डोळे मोठे झाले. “माझी झडती? जावयाच्या घरी?”

“झडती नाही हो. मोइनाकसाठी विचारतो.”

“नातीचे कपडे आहेत! भाकरीची शपथ!”

भाकरीच्या शपथेपुढे बोलणं नव्हतं. विहीणबाई आत जाऊन जेवणाच्या चादरीशी बसल्या आणि त्यांची नजर फिरू लागली. भाकरी होती, लोणी होतं, घोड्याच्या मांसाची काझी होती. साखरदाणी नव्हती.

“माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणातसुद्धा चादरीवर यापेक्षा जास्त गोड असतं,” त्या झानारला म्हणाल्या, पण आवाज व्याह्यांपर्यंत पोचेल असा. “आणि उधळायचं काय मी? तुझ्या सासऱ्यांचे विचार?”

सेयिलबेकने परात पुढे केली. परातीत कुरुत होतं: उन्हात वाळवून दगड झालेल्या आंबट दह्याच्या गोळ्या.

“पूर्वी हेच उधळायचे,” तो म्हणाला.

“पूर्वी डोक्यावर लोकरीच्या जाड टोप्या असायच्या, व्याहीबुवा!”

पण मुहूर्त टळत होता. इमारतीतली सगळ्यात तुरुतुरु चालणारी बाई म्हणून राबिगा आपांच्या हाती कात्री दिली होती. त्यांनी दोरी कापली, अकबोता तीन पावलं धावली आणि चौथ्याला आजीच्या मखमलीत घुसली. सगळे ओरडले. विहीणबाईंनी मनातला सगळा राग मुठीत घेऊन कुरुत उधळलं. एक गोळी आरशावर आपटली, एक राबिगा आपांच्या कपाळावर.

“अगं बाई! आशीर्वाद आहे का गोळीबार?”

हशा पिकला. त्या हशातच सेयिलबेकच्या लक्षात आलं, की जमिनीवर खाणं पडलंय आणि मोइनाक आलेला नाही.

तेवढ्यात तो दारात दिसला. पाय फाकवून, डुलत, भिंतीला अंग घासत येत होता.

“व्होडका कुणी पाजली रे याला?” कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हसू फुटलं.

सेयिलबेक हसला नाही. मोइनाकचे मागचे पाय दुमडले आणि तो कुशीवर कोसळला, डोळे कुठेच न बघणारे. सेयिलबेकने त्याचा कान टोचला, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. यंत्रावर आकडा उमटला: दोन.

“साखर उतरली,” तो म्हणाला, आणि आपला आवाज त्याला परका वाटला. “गोड आणा. साखर, मध, काहीही! हिरड्यांना चोळायचंय. पटकन!”

कुणी हललं नाही, कारण साखर या घरात नाही हे सगळ्यांना माहीत होतं. ती कुणी घालवली हेही.

“माझ्याकडे आहे!” म्हणत राबिगा आपांनी खिशातून डबी काढली, आणि मग त्यांचा चेहरा पडला. “पण ही आमची, मधुमेहवाल्यांची. नुसती चव असते हिला.”

सेयिलबेकने कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं. चार महिने ज्या दाण्यादाण्याला तो वैऱ्यासारखा हुडकत फिरला, त्यातला एक दाणा आज मिळेना. करायला गेलो एक अन् झालं भलतंच, असं मनाशी म्हणत तो भर पाहुण्यांत रडायला लागला.

तेव्हा विहीणबाईंनी पिशवी ओढली. त्यातून बाळाचा फ्रॉक निघाला, फ्रॉकमधून लोकरीची टोपी, आणि टोपीतून मधाची बरणी. मागोमाग चमचमत्या कागदांतल्या गोळ्यांची पुरचुंडी घरंगळली.

“शपथ खोटी नव्हती,” त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या. “कपडेच होते. त्यांच्या आत काय आहे ते कुणी विचारलं नाही.”

सेयिलबेक झाकण उलट्या दिशेनेच पिळत बसला. विहीणबाईंनी बरणी हिसकावली, चांदीच्या अंगठ्या काढून झानारच्या हातात कोंबल्या, आणि ज्या प्राण्याला झग्याचा घोळ लागू दिला नव्हता त्याच्या ओठाआड मधात बुडवलेलं बोट घातलं.

“घशात नको, हिरडीला,” सेयिलबेक पुटपुटला.

“पाच लेकरं वाढवलीत मी. शिकवू नका! चाट रे, मेल्या. चाट म्हणते ना! एवढ्या लोकांत माझ्या जावयाच्या घरी मरायचं नाही, सांगून ठेवते!”

काही मिनिटं गेली. कुणी काझीला हात लावला नाही. मग मोइनाकची जीभ हलली, बाहेर आली आणि विहीणबाईंचं बोट चाटू लागली, आधी दमल्यासारखी, मग हावऱ्यासारखी. थोड्या वेळाने आकडा चार झाला, मग सहा. मोइनाकने मान उचलून बरणीकडे पाहिलं, आणि सगळे एकदम बोलायला लागले.

डॉक्टर रौशनने फोनवर सांगितलं, थोडं खाऊ घाला, अर्ध्या अर्ध्या तासाने मोजा, लगेच घेऊन या, मी सांगेपर्यंत पुढची सुई नको. मग विचारलं, “आगा, डोस दोनदा तर नाही गेला?”

“छे! सातला मीच दिला. बाजारातून काझी आणायला निघायच्या आधी.”

झानारच्या हातातल्या अंगठ्या खाली पडल्या. “मीपण दिला,” ती म्हणाली. “आठला. मला वाटलं, आजच्या गडबडीत तुमचा राहिला.”

“मला विचारलं का नाहीस, पोरी?”

“तुम्हाला कसं विचारू, बाबा?” ती रडायलाच लागली. “सासऱ्याला ‘केलंत का?’ म्हणून विचारायचं? ते जाब विचारल्यासारखं होतं. आईने शिकवलंय.”

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. विहीणबाई मधाचं बोट तसंच वर धरून बसल्या होत्या.

“शिकवलंय खरं,” त्या हळू म्हणाल्या. मग खाकरल्या. “आता उलट शिकवते. विचारत जा. मोठ्यांदा विचार. नाहीतर आज कुत्रं, उद्या तुझ्या सासऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या!”

सेयिलबेकने डोळे पुसले. “विहीणबाई, ती पुरचुंडी उधळा. मी याला धरून ठेवतो.”

“धरा घट्ट. माझ्या हातचं खाल्लंय त्याने, आता सोयरा झालाय. सोयऱ्यांचा भरवसा नसतो.”

त्या दिवशी अकबोताच्या वाटेवर दुसऱ्यांदा उधळण झाली आणि राबिगा आपांनी पथ्याला तिलांजली देऊन तीन गोळ्या लंपास केल्या.

संध्याकाळपर्यंत दवाखान्यातून परत येऊन, पाहुणे पांगून, घर शांत झालं होतं. मोइनाक सेयिलबेकच्या पायांशी घोरत होता. घड्याळात सात वाजले. स्वयंपाकघराच्या दारात झानार येऊन उभी राहिली. या वेळी ती जमिनीकडे बघत नव्हती.

“बाबा,” तिने खणखणीत आवाजात विचारलं, “सुई दिली नाहीत ना?”

तीन वर्षांत तिने सासऱ्याला टाकलेला हा पहिलाच ‘केलंत का?’ होता. सेयिलबेकला फार बरं वाटलं. त्याने शेजारची उशी तिच्यापुढे सरकवली.

“नाही दिली,” तो म्हणाला. “बस की जरा. आणि उद्याही विचार.”

ती बसली. मग म्हणाली, “परवासुद्धा विचारीन. तुम्ही मधाची बरणी कुठे लपवलीत?”