अंजनेरीची रात्र

आमच्या ह्यांना, म्हणजे ड्रॉइंगमास्तर रविराजना, जुन्या जपानी चित्रांचं वेड. लाकडी ठशांनी छापलेली ती चित्रं, आणि त्यातही रात्रीचीच. त्यांतली रात्र काळी नसते, निळी असते. वर गडद, खाली येता येता फिकी. "अश्शी रात्र आपल्या अंजनेरीला पडायची," म्हणत सातपूरच्या या फ्लॅटमध्ये बसून त्यांनी ठसे कोरले. डोंगर, भातखाचरं आणि पायथ्याचं आमचं लग्नानंतरचं भाड्याचं घर. घराची खिडकी तेवढी पिवळी.

प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. रात्रीचा निळा सगळ्या चित्रावर, अगदी शेवटी. तोवर चित्रात भर दुपार असते. बाकीचे रंग छापून झाले, निळा तेवढा उरला, आणि नेमका तेव्हाच अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला.

डाव्या हातानं छापायच्या हट्टापायी त्यांनी कागद नासवले. एकच उरला. परवा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता फार दिवस नाहीत. ह्यांनाही कळलंच असावं. म्हणाले, "तू छाप. मला ती रात्र बघायचीय."

मला रागच आला. जन्मभर रंगांना हात लावू दिला नाही, आणि आता शेवटचा कागद माझ्या गळ्यात! पण बसले. ते पलंगावरून सांगत होते.

"वर रंग जास्त लाव. खाली ओल्या फडक्यानं पूस. हां. आता कागदाचा कोपरा ठशाच्या कडेच्या खाचेत बसव, मग सोड."

कोपरा खाचेत बसला की रंग आपापल्या जागी पडतात. निळ्याच्या ठशात खिडकीपुरतं लाकूड त्यांनी कोरून काढलं होतं. तिथं निळं लागणारच नव्हतं. पण माझे डोळे भरून आले होते.

कागद उचलला. रात्र अशी उतरली होती की अंगावर अंजनेरीचा गारवा आला. पण कोपरा जरासा हुकला होता. खिडकी ती केवढीशी! निळ्यात बुडून गेली होती.

लपवणार तरी कुठे? त्यांच्यासमोर धरला. बराच वेळ बघत राहिले.

"छान झालीय," म्हणाले. "दिवा मालवून झोपली असतील आतली माणसं."

"कशी झोपतील?" मी ओरडलेच. "अहो, मी जागी आहे ना!"

त्यांनी डाव्या हातानं माझी निळी बोटं धरली.

"मग अंधारात बसलीयेस गं," म्हणाले.