जरा कव्हर कर

नव्या शब्दकोशावर प्लास्टिकचं कव्हर चढवून ती कडा नखाने दाबत होती, तेवढ्यात ग्रंथपालांनी तिच्यापुढे एक पत्र ठेवलं.

“वाचा. मग माझ्या खोलीत या.”

तिच्याकडे न बघताच ते वळले.

अक्षर ताईचं होतं. शेजारच्या टेबलावरची, तिच्याहून बारा वर्षांनी मोठी ताई. दुर्मिळ पुस्तकांच्या कपाटातला जुना नकाशासंग्रह आठवडाभर सापडत नव्हता, आणि किल्लीच्या वहीत दर मंगळवारी दुपारी ताईची सही होती. ताईने लिहिलं होतं : या सह्या माझ्या नाहीत, अक्षर तपासून घ्यावं. सोबत जोडलेल्या कागदावर सदतीस तारखा, वेळोवेळी वेगवेगळ्या शाईत टिपलेल्या.

एकही शब्द खोटा नव्हता. ताईच्या नावाच्या त्या सह्या पत्र वाचणाऱ्या तिनेच केल्या होत्या. “जरा कव्हर कर गं,” म्हणून ताई लेकीला व्यायामाच्या उपचारांना न्यायला निघायची. अपघातात पोरीचा पाय अधू झाला होता. “तू जा निवांत, मी आहे,” असं म्हणत ती ताईचं टेबल सांभाळायची. सही गिरवायला शिकवली तीही ताईनेच, हसत हसत : “शेपटी लांब ओढ, माझ्या जिभेसारखी.”

तिने तारखा पुन्हा वाचल्या. पहिली नऊ महिन्यांपूर्वीची होती. म्हणजे ताईने अगदी पहिल्या दिवसापासून टिपून ठेवलं होतं.

ताई जवळ येऊन उभी राहिली.

“रागावलीस? अगं, सगळं माझ्यावर शेकलं असतं. मी फक्त स्वतःला कव्हर केलं.”

“आणि मी काय करत होते, ताई?”

ताई चष्मा पुसत राहिली.

ग्रंथपालांच्या खोलीत तिने लिहून दिलं : नकाशासंग्रह मी घेतलेला नाही; सह्या माझ्या. चौकशी संपेपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही, एवढंच त्यांनी सांगितलं.

ती बाहेर आली तेव्हा चार वाजत आले होते. मंगळवारच होता. ताईने सवयीने पर्स खांद्याला अडकवली होती.

तिने किल्ली आणि वही ताईसमोर ठेवली.

“आता हे तुमच्याकडे. सही करा.”

दोघींमध्ये ‘तुम्ही’ कधी नव्हतंच. ताईने पर्स खाली ठेवली, सही केली आणि फोन लावला.

“बाळा, आज एकटी जाशील का गं?”

पलीकडून काय उत्तर आलं, ते तिला ऐकू आलं नाही.